हिमालयातल्या जडीबुटींचा हिशोब मागणारा डॉक्टर: कोण होते सर राम नाथ चोप्रा?

'हिमालयातली दुर्मीळ वनस्पती, अँटिऑक्सिडंटचा खजिना' अशी जाहिरात रील बघता बघता तुमच्याही समोर आली असेल. त्यात थोडं तथ्य आहे. उंचावर अतिनील किरणं जास्त आणि थंडी कडक, त्यामुळे तिथल्या अनेक वनस्पती स्वतःच्या बचावासाठी फ्लेव्होनॉइडसारखी रसायनं तयार करतात. पण डब्यात खरंच तीच वनस्पती आहे का? असली तर तिच्यात ते द्रव्य किती? आणि परीक्षानळीत दिसलेला गुण माणसाच्या शरीरात दिसतो का?

अँटिऑक्सिडंट हा शब्द घराघरांत पोहोचण्याच्या कितीतरी आधी एका भारतीय डॉक्टरने जडीबुटींना असेच प्रश्न विचारले होते. कर्नल सर राम नाथ चोप्रा, भारतीय औषधशास्त्राचे जनक.

जन्म १८८२ चा, गुजराँवालाचा. हे गाव आता पाकिस्तानात आहे. लाहोरला शिक्षण झालं, मग केंब्रिज. तिथे वॉल्टर डिक्सन या नामवंत औषधशास्त्रज्ञाच्या हाताखाली ते तयार झाले. १९०८ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आले, पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत होते. १९२१ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये औषधशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि खरं काम तिथून सुरू झालं.

तेव्हा बरीच औषधं परदेशातून यायची आणि गरिबाला परवडायची नाहीत. चोप्रांचा हिशोब सरळ होता: आपल्याकडच्या वनस्पती तपासा, ज्या कामाच्या ठरतील त्यांची औषधं इथेच आणि स्वस्तात बनवा.

काश्मीरच्या उंच डोंगरांत मिळणारा कुठ घ्या. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात हाच 'उपलेट' म्हणून मिळतो. त्याची मुळं धूप म्हणून चीनपर्यंत जायची. चोप्रांनी त्यातली द्रव्यं वेगळी करून श्वासनलिकेवरचा परिणाम तपासला आणि दम्याच्या रुग्णांवरही त्याचा वापर करून पाहिला. हिमालयाच्या कोरड्या भागातल्या एफेड्राचंही तसंच. तिथे तर आणखी एक गंमत कळली. एकाच झुडपातलं अल्कलॉइडचं प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं, पावसाळ्यात घटतं आणि शरदात वाढतं. म्हणजे पाकिटावर नुसतं वनस्पतीचं नाव छापून भागत नाही, ती कधी तोडली हेही महत्त्वाचं. आजच्या अँटिऑक्सिडंटच्या दाव्यांनाही हेच लागू होतं. बहुतेक जाहिराती मात्र यावर गप्प असतात.

१९३० मध्ये सरकारने त्यांना औषध चौकशी समितीचं अध्यक्ष केलं. बाजारातल्या भेसळीच्या आणि निकृष्ट औषधांवर समितीने बोट ठेवलं, कायदा करा म्हणून सांगितलं. कायदा आला १९४० मध्ये. पण निव्वळ आयुर्वेदिक आणि युनानी औषधं त्यातून वगळली होती. ती कायद्याच्या कक्षेत यायला १९६४ ची दुरुस्ती लागली!

१९४१ मध्ये 'सर' किताब मिळाला, कलकत्त्याची नोकरी संपली. साठीच्या उंबरठ्यावरचे चोप्रा मग घरी बसले नाहीत. थेट जम्मू-काश्मीरला गेले, जिथे या वनस्पती उगवतात तिथेच. जम्मूत त्यांनी औषध संशोधन प्रयोगशाळा उभी केली. १९५७ मध्ये ती सीएसआयआरकडे गेली आणि आज भारतीय समवेत औषध संस्थान म्हणून सुरू आहे. १९५६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत भारतीय औषधी वनस्पतींचा कोशही काढला. अभ्यासक अजून तो उघडतात.

१९७३ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर चोप्रा गेले. त्यांनी तपासलेल्या कुठाची गोष्ट मात्र चिंतेची आहे. औषध आणि सुगंधासाठी त्याची इतकी खणती झाली की जंगली कुठ आता अतिसंकटग्रस्त यादीत आहे. १९८५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध आहेत आणि लाहौलसारख्या भागात त्याची शेती केली जाते.