अमूर्त चित्रांचा मान कँडिन्स्कीला मिळाला, पण त्याच्या आधी एक बाई ती चित्रं काढून बसली होती

रंगांचे फराटे, गोल, वेटोळी. बघणारा डोकं खाजवतो आणि विचारतो, हे नेमकं काय आहे? अशा चित्रांना अमूर्त म्हणजेच ॲबस्ट्रॅक्ट चित्रं म्हणतात. ती सगळ्यात आधी कुणी काढली, याचं कलेच्या पुस्तकांतलं ठरलेलं उत्तर होतं वासिली कँडिन्स्की आणि साल १९१०-११.

पण स्वीडनमधल्या हिल्मा आफ क्लिंटने १९०६ सालीच अशी चित्रं काढायला सुरुवात केली होती.

हिल्माचा जन्म १८६२ चा, वडील नौदलात अधिकारी. त्या काळी पॅरिसच्या सरकारी कला महाविद्यालयात मुलींना प्रवेशच नव्हता, तो १८९७ साली मिळाला. स्टॉकहोमच्या रॉयल अकादमीचं दार मात्र मुलींसाठी उघडं होतं. हिल्मा तिथून १८८७ साली पास झाली आणि निसर्गचित्रं, पोर्ट्रेट, झाडाफुलांची चित्रं काढून पोट भरू लागली.

१८८० साली तिची धाकटी बहीण वारली होती. हिल्माला अध्यात्माची ओढ होतीच, ती आणखी वाढली. १८९६ पासून ती चार मैत्रिणींसोबत प्रार्थना आणि प्लँचेटसारख्या बैठका करू लागली. पुढे ती थिऑसॉफीकडे वळली. होमरूल चळवळीमुळे आपल्याला माहीत असलेल्या ॲनी बेझंट ज्या पंथाच्या, तोच हा पंथ.

एका बैठकीत आपल्याला मंदिरासाठी चित्रं काढायचा आदेश मिळाला, असं तिचं म्हणणं होतं. त्यातून १९०६ ते १९१५ या काळात तिने १९३ चित्रं काढली. त्यातली दहा तर दहा फुटांहून उंच. बालपणापासून म्हातारपणापर्यंतचा प्रवास त्यात नुसत्या रंगांतून आणि आकारांतून मांडलेला. १९०७ साली काढलेली ही दहाही चित्रं तिने साधारण ४० दिवसांत हातावेगळी केली.

मग नाव का झालं नाही?

एक कारण ती स्वतः. जग अजून या चित्रांसाठी तयार नाही, असं तिला वाटायचं. हयातीत ही चित्रं मोजक्याच लोकांनी पाहिली. आपल्या मृत्यूनंतर २० वर्षं ती कुणाला दाखवू नयेत, असंही तिने सांगून ठेवलं. कँडिन्स्की मात्र प्रदर्शनं भरवत होता, पुस्तकं लिहीत होता, आपलं चित्र पहिलं असल्याचं सांगतही होता.

१९४४ साली हिल्मा गेली. बाराशेहून जास्त चित्रं आणि हजारो पानांच्या वह्या भाच्याकडे आल्या. १९७० साली हा ठेवा स्टॉकहोमच्या मॉडर्ना म्युझियमला देऊ केला, तर म्युझियमने नको म्हटलं. म्हणजे तिने घातलेली २० वर्षांची अट संपली होती, तरी जग तयार नव्हतंच.

१९८६ साली लॉस एंजेलिसच्या एका प्रदर्शनात तिची चित्रं लागली आणि चर्चा सुरू झाली. २०१३ साली त्याच मॉडर्ना म्युझियमने तिचं मोठं प्रदर्शन भरवलं. २०१८-१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये तिची चित्रं बघायला ६ लाखांहून जास्त लोक आले. त्या म्युझियमच्या इतिहासातली ही विक्रमी गर्दी होती.

पहिलं कोण, हा वाद अभ्यासक अजूनही घालतायत. पण हिल्माला वगळून आता तो वाद घालता येत नाही.