मित्राची चित्रे

मॉडेस्ट मुसोर्गस्की हा रशियन संगीतकार १८३९ साली जन्मला. पियानोचे पहिले धडे त्याला आईने दिले. तरुणपणी संगीतासाठी त्याने सैन्यातील अधिकारपद सोडले. परंतु संगीतावर पोट भरेना, म्हणून पुढे सेंट पीटर्सबर्ग शहरी त्याला सरकारी कचेरीत नोकरी पत्करावी लागली.

स्थापत्यकार व चित्रकार व्हिक्टर हार्टमान हा त्याचा जिवलग मित्र. एकदा गाण्याच्या बैठकीहून दोघे परतत असता हार्टमान एकाएकी थांबला, पांढराफटक पडला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला श्वास घेता येईना. मुसोर्गस्कीने थट्टेच्या सुरात त्यास धीर दिला व दोघे पुढे चालू लागले. पुढे १८७३ साली, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, हार्टमान मरण पावला. मित्राचे दुखणे आपण हसण्यावारी नेले, ही टोचणी मुसोर्गस्कीच्या मनास लागून राहिली.

१८७४ च्या प्रारंभी स्तासोव्ह ह्या स्नेह्याने हार्टमानच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले. मुसोर्गस्की ते पाहून आला, आणि त्याच वर्षी जून महिन्यात सुमारे तीन आठवड्यांत त्याने पियानोसाठी एक रचना पुरी केली. तिचे नाव 'प्रदर्शनातील चित्रे'. तिच्यात दहा चित्रे आहेत. अंड्याच्या कवचासकट नाचणारी पिल्ले आहेत, कोंबडीच्या पायांवर उभी असलेली चेटकिणीची झोपडी आहे. मधूनमधून एक चाल पुन्हापुन्हा येते. ती चित्रे पाहत हिंडणाऱ्या मुसोर्गस्कीचीच पावले होत. चित्रांबरोबर पाहणाराही संगीतात यावा, ही कल्पना मोठी अपूर्व खरी.

एका चित्रात हार्टमानने स्वतःस कंदिलाच्या उजेडात पॅरिसमधील भुयारी दफनस्थान पाहताना रंगविले होते. तेथे ती ओळखीची चाल अगदी मंद व करुण होते. जणू मुसोर्गस्की त्या अंधारात आपल्या मित्राशी बोलत आहे.

शेवटचे चित्र कीव्ह शहराच्या भव्य वेशीचे. हार्टमानने तिचा आराखडा काढला होता, पण ती वेस कधी बांधलीच गेली नाही. मुसोर्गस्कीने ती घंटानादासह सुरांत उभारली.

१८८१ साली मुसोर्गस्कीही निवर्तला. ही रचना १८८६ साली छापली गेली. पुढे १९२२ साली रावेल ह्या फ्रेंच संगीतकाराने ती वाद्यवृंदासाठी लिहून काढली, तेव्हा त्या वेशीवर खरीखुरी घंटा वाजू लागली.