प्रयोगशाळा वस्तीत कोण नेणार?

वीणा गवाणकर यांच्या पुस्तकामुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घराघरांत पोहोचले. पण शेंगदाण्यापासून नाना वस्तू बनविणारा शास्त्रज्ञ, एवढीच त्यांची ओळख उरली. आंबेडकरी समाजाने त्यांच्याकडून शिकावे असे त्याहून मोठे काही आहे.

१८६४ च्या सुमारास मिसुरीत ते गुलाम म्हणून जन्मले. कॅन्ससमधील एका महाविद्यालयाने त्यांना केवळ काळ्या वर्णामुळे दारातून परत पाठविले. तरीही ते आयोवाच्या कृषी महाविद्यालयाचे पहिले काळे विद्यार्थी झाले. १८९६ मध्ये तेथे पदव्युत्तर पदवी मिळविली आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून अलाबामातील टस्कीगी संस्था गाठली. तेथे साधी प्रयोगशाळाही नव्हती. त्यांनी विद्यार्थ्यांसह उकिरड्यावरील बाटल्या, बरण्या वेचून ती उभी केली.

संस्थेच्या कुंपणाबाहेर कालचे गुलाम गोऱ्यांच्या जमिनी अर्धेलीने कसत होते. सतत कापूस घेऊन माती निकस झाली होती. चवळी, भुईमुगाच्या मुळांवरील गाठींमुळे हवेतला नत्र मातीला मिळतो, हे विज्ञान कार्व्हरांना ठाऊक होते. पण कर्जात बुडालेला शेतकरी ते शिकायला संस्थेत येणार कसा? म्हणून १९०६ मध्ये संस्थाच त्याच्या दारी गेली. मॉरिस जेसप यांच्या देणगीतून एक गाडी तयार झाली. नांगर, बियाणे, लोणी काढण्याचे यंत्र घेऊन ती गावोगाव फिरू लागली. त्याच वर्षी सरकारच्या कृषी खात्याने थॉमस कॅम्पबेल या काळ्या तरुणाला या कामावर नेमले. कार्व्हरांनी सोप्या भाषेत ४४ पुस्तिकाही काढल्या. आयुष्यभराची बचत संशोधनासाठी देऊन ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

वर्णभेदी कायद्यांविरुद्ध ते रस्त्यावर उतरले नाहीत, ही उणीव माझ्यातल्या वकिलाला खटकते. बाबासाहेबांनी आपल्याला संघर्ष शिकविला आणि घटनेने महाविद्यालयाचे दार उघडून दिले. पण प्रयोगशाळा वस्तीत न्या, असा हुकूम कोणतेही न्यायालय देणार नाही. ते काम त्या दारातून आत गेलेल्यांचे आहे. शिकलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरविली, ही बाबासाहेबांची १९५६ ची आग्र्यातील खंत अजून मिटलेली नाही.

विज्ञानाच्या प्राध्यापकांनो, दर रविवारी एक सूक्ष्मदर्शक घेऊन आपल्या विहारात या. मुले वाट पाहत आहेत.