आगरकरांचा हिशोब: गर्दीचं समाधान मोठं की एकीचं दुःख?

ज्यातून जास्तीत जास्त लोकांचं सुख वाढतं, ते योग्य. हा झाला उपयुक्ततावाद. बेंथम आणि मिल या इंग्रज विचारवंतांनी तो मांडला. गोपाळ गणेश आगरकरांनी तो थेट आपल्या घरातल्या रूढींना लावला.

आगरकर जन्मले १८५६ मध्ये, कराडजवळच्या टेंभूत. घरची गरिबी. मॅट्रिक झाले ते आपल्या विदर्भात, नेरपासून काही तासांवरच्या अकोल्यात. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मिल आणि स्पेन्सर वाचले. टिळकांसोबत काम केलं, केसरीचं संपादन केलं. सामाजिक सुधारणेवरून बिनसलं तेव्हा १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढलं.

रूढी शास्त्रात आहे का, यापेक्षा तिने माणसाचं सुख वाढतं की दुःख, हे ते तपासत. बालविवाह आणि विधवांचं केशवपन या कसोटीवर नापास झाले.

पण या तत्त्वावरचा मोठा आक्षेप इथेच येतो. नुसती डोकी मोजली तर? १८९१ च्या कायद्याने मुलींचं संमतीवय १० वरून १२ झालं. विरोधकांची गर्दी मोठी होती आणि जिला सोसायचं होतं, त्या मुलीला आवाजच नव्हता. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. मिलनेही बहुमताच्या जुलमाबद्दल बजावलं होतंच.

चिडलेल्या लोकांनी आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. १८९५ मध्ये, चाळिशीच्या आत ते गेले.

सुखाचा हिशोब मांडताना कुणाचं दुःख मोजायचं राहिलंय, हा त्यांचा प्रश्न मात्र आजही लागू आहे.