विश्लेषण : मॅस्लो यांनी कधीच न काढलेला पिरॅमिड!

व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम असो, शिक्षक पात्रता परीक्षेची गाइडे असोत, नर्सिंगचे पाठ्यपुस्तक असो की कंपनीतल्या एचआर विभागाचे प्रेझेंटेशन. एक त्रिकोण हमखास भेटतो. तळाला अन्न, पाणी, झोप. त्यावर सुरक्षितता. मग प्रेम आणि आपलेपणा, त्यावर मानसन्मान आणि टोकाला स्वतःमधील क्षमता पूर्णपणे फुलणे. खाली नाव असते अब्राहम मॅस्लो. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ म्हणणाऱ्या आपल्या समाजाला हा त्रिकोण समजावून सांगावाही लागत नाही. पण मॅस्लो यांनी गरजांचा सिद्धांत ज्या लेखात मांडला, त्यात असा त्रिकोण नाही. त्यांच्या पुस्तकांतही नाही. मग तो आला कुठून? आणि ज्यांच्या नावावर तो खपतो, त्या माणसाला नेमके काय म्हणायचे होते?

कुलूपबंद कपाटाचे घर

मॅस्लो यांचा जन्म १ एप्रिल १९०८ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनमध्ये झाला. आईवडील रशियन साम्राज्यातून, कीव्हच्या परिसरातून अमेरिकेत आलेले ज्यू स्थलांतरित. वडील सॅम्युअल लाकडी पिंपे दुरुस्त करण्याचा व्यवसाय करत. सात भावंडांत अब्राहम थोरला. घर अगदी उपाशी नव्हते, पण मायेचा दुष्काळ होता. अन्न थंड ठेवण्याच्या कपाटाला आई रोझ कुलूप लावत असे आणि तिची मर्जी असेल तेव्हाच ते उघडे. लहानग्या अब्राहमने रस्त्यावरून दोन मांजराची पिल्ले उचलून घरी आणली, तेव्हा आईने ती त्याच्या डोळ्यांदेखत भिंतीवर आपटून मारली, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. मॅस्लो यांनी आईला आयुष्यभर माफ केले नाही. तिच्या अंत्यसंस्कारालाही ते गेले नाहीत.

घराबाहेर ज्यूद्वेष्ट्या पोरांच्या टोळ्या होत्या. लपायला जागा एकच, वाचनालय. प्रेम आणि सुरक्षितता या माणसाच्या मूलभूत गरजा आहेत हे पुढे ज्याने जगाला सांगितले, त्याच्या बालपणी नेमक्या याच दोन गोष्टी नव्हत्या. चरित्रातून सिद्धांत काढण्याचा मोह टाळावा हे खरे, पण इथे तो टाळणे अवघड जाते.

वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी कायद्याचा अभ्यास सुरू केला आणि लवकरच सोडला. घरच्यांचा विरोध असताना १९२८ च्या शेवटच्या दिवशी त्यांनी नात्यातल्याच बर्था गुडमनशी लग्न केले. तेव्हा ते २० वर्षांचे होते. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी मानसशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९३४ मध्ये पीएचडी मिळवली.

माकडांनी काय शिकवले?

त्या काळी अमेरिकी मानसशास्त्रावर वर्तनवादाचा पगडा होता. मनात काय चालते ते दिसत नाही, म्हणून केवळ दिसणाऱ्या वर्तनाचा अभ्यास करायचा, हा त्याचा खाक्या. मॅस्लोही सुरुवातीला त्याचे उत्साही समर्थक होते. विस्कॉन्सिनमध्ये त्यांना मार्गदर्शक मिळाले हॅरी हार्लो. मॅस्लो हे हार्लो यांचे पहिले पीएचडी विद्यार्थी. मॅडिसनच्या प्राणिसंग्रहालयात तासनतास बसून त्यांनी माकडांमधील वर्चस्वाचा अभ्यास केला. कोण कोणावर भारी ठरणार हे दर वेळी मारामारीने ठरत नाही, नुसत्या नजरेने आणि वावरण्याच्या ढबीनेही ठरते, असे त्यांना दिसले.

या गुरुशिष्यांच्या गोष्टीला पुढे एक गमतीदार वळण मिळाले. १९५० च्या दशकात हार्लो यांनी आईपासून दूर केलेल्या माकडांच्या पिल्लांपुढे दोन कृत्रिम ‘आया’ ठेवल्या. एक तारांची, जिच्याकडून दूध मिळे. दुसरी मऊ कापडाची, जिच्याकडे दूध नव्हते. पिल्ले दुधापुरती तारेच्या आईकडे जात आणि उरलेला सगळा वेळ कापडाच्या आईला बिलगून राहत. त्रिकोणाच्या हिशेबात अन्न तळाला आणि माया तिसऱ्या पायरीवर. तो हिशेब एवढा सरळ नाही, हे शिष्याच्या सिद्धांतानंतर गुरूच्याच प्रयोगशाळेत दिसले.

मॅस्लो यांचा वर्तनवाद मात्र त्याआधीच गळून पडला होता. पहिल्या मुलीच्या जन्मानंतर त्या तान्ह्या जीवाकडे पाहताना, हे सगळे केवळ चेतक आणि प्रतिसादाच्या भाषेत सांगता येईल ही कल्पनाच त्यांना हास्यास्पद वाटू लागली.

ब्लॅकफूट वस्तीवरील उन्हाळा

१९३७ मध्ये ते ब्रुकलिन कॉलेजात शिकवू लागले. हिटलरच्या युरोपातून निसटलेले कितीतरी विद्वान तेव्हा न्यूयॉर्कमध्ये जमले होते. अल्फ्रेड अॅडलर, एरिक फ्रॉम, कॅरेन हॉर्नी, मॅक्स वर्थायमर, कुर्ट गोल्डस्टाइन अशा मंडळींकडून मॅस्लो शिकत गेले. त्यांच्या सिद्धांतातील शेवटच्या पायरीचे नावही मूळचे गोल्डस्टाइन यांचे. पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करताना त्यांनी ते वापरात आणले होते.

मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांच्या सूचनेवरून मॅस्लो १९३८ च्या उन्हाळ्यात कॅनडातील आल्बर्टा प्रांतात गेले. सिक्सिका, म्हणजे उत्तरेकडील ब्लॅकफूट, या मूलनिवासींच्या राखीव वस्तीवर ते काही आठवडे राहिले. तिथे त्यांनी एक समारंभ पाहिला. वर्षभर साठवलेली संपत्ती लोक तिथे वाटून टाकत होते. घोंगड्या, धान्य, अगदी पेप्सीची खोकीसुद्धा! विधवा, अनाथ आणि अंध यांना आधी. वाटून झाल्यावर देणाऱ्याकडे अंगावरच्या कपड्यांपलीकडे फारसे काही उरत नसे आणि तरी श्रीमंत म्हणून मान त्यालाच मिळे. वस्तीवर एकाच माणसाकडे मोटार होती. ज्याला गरज लागेल तो येऊन किल्ली मागून नेई.

साधनांनी गरीब असलेल्या या माणसांपैकी बहुतेकांत मनाची अशी सुरक्षितता होती, जी अमेरिकी शहरांत मोजक्यांमध्येच आढळते, असा निष्कर्ष मॅस्लो यांनी काढला. हल्ली समाजमाध्यमांवर एक दावा फिरतो की, त्यांनी आपला पिरॅमिड ब्लॅकफूटांच्या तंबूच्या आकारावरून ‘चोरला’. मुळात पिरॅमिडच त्यांचा नसल्याने हा दावा तिथेच लंगडा पडतो. पण या वस्तीचा त्यांच्या विचारांवर खोल परिणाम झाला आणि तिचे ऋण पाठ्यपुस्तकांत क्वचितच नोंदले जाते, हे खरे आहे.

१९४३ च्या लेखात नेमके काय होते?

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला. त्यानंतर एके दिवशी घरी जाताना मॅस्लो यांची गाडी एका छोट्या मिरवणुकीमुळे थांबली. म्हातारे निवृत्त सैनिक, बालवीर, फाटका झेंडा आणि बेसूर वाजणारी बासरी. त्यांना रडू कोसळले. माणूस द्वेष आणि विध्वंसापलीकडेही काही असतो हे दाखवणारे, उद्या शांततेची बोलणी करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असे मानसशास्त्र उभारायचे, असे त्यांनी त्या क्षणी ठरवले, असे ते पुढे सांगत.

‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात १९४३ मध्ये मानवी प्रेरणेवरचा त्यांचा लेख आला. पाने सत्तावीस. गरजांचे पाच गट त्यात आहेत आणि त्यांचा क्रमही आहे. पोट रिकामे असेल तर माणसाला भाकरीचीच स्वप्ने पडतात; पोट भरले की नव्या गरजा डोके वर काढतात; आणि भागलेली गरज माणसाला पुढे ढकलू शकत नाही, हे त्याचे सूत्र.

पण त्याच लेखात जे आहे ते वर्गात सहसा सांगितले जात नाही. हा क्रम ताठर नाही, असे मॅस्लो स्पष्ट लिहितात. काहींना प्रेमापेक्षा मान मोठा वाटतो. तत्त्वासाठी सर्वस्व सोडणारी माणसे असतात. एक गरज शंभर टक्के भागल्याशिवाय दुसरी उगवत नाही, असेही नाही. समजण्यापुरते त्यांनी काही आकडे घेतले: सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के भागलेल्या असतील, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, मानाच्या ४० आणि आत्मविकासाच्या १० टक्के. हे आकडे मोजलेले नाहीत, उदाहरणादाखल आहेत, हे त्यांनीच सांगितले. थोडक्यात, सर्व गरजा एकाच वेळी थोड्याथोड्या जाग्या असतात. भुकेल्यालाही मान हवा असतो. त्रिकोणात मात्र हे दिसत नाही. त्यात एक पायरी ओलांडल्याशिवाय दुसरी नाही.

पिंपांचा कारखाना आणि ‘निरोगी’ माणसे

आजारपणामुळे १९४७ ते १९४९ या काळात मॅस्लो यांनी कॉलेजातून रजा घेतली आणि कॅलिफोर्नियातील प्लेझंटन येथे कुटुंबाच्या पिंपे बनवणाऱ्या कंपनीचा कारभार पाहिला. व्यवस्थापनाच्या वर्गात ज्यांच्या नावाचा जप होतो, त्यांनी प्रत्यक्ष धंदा केला तो एवढाच. १९५१ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधील नव्या ब्रँडाइस विद्यापीठात मानसशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

मानसशास्त्र आजारी मनांवरच का घुटमळते, फुललेली माणसे कशी असतात ते का पाहू नये, हा त्यांचा ध्यास होता. सुरुवात त्यांनी आपल्या दोन आवडत्या गुरूंपासून केली, बेनेडिक्ट आणि वर्थायमर. मग ३००० महाविद्यालयीन विद्यार्थी पारखले आणि हाती लागला फक्त एक! अखेर ते थोरामोठ्यांकडे वळले. लिंकन, जेफर्सन, आइनस्टाइन, एलिनॉर रूझवेल्ट, जेन अॅडम्स यांची चरित्रे त्यांनी अभ्यासली आणि समान गुण शोधले. १९५४ च्या ‘मोटिव्हेशन अँड पर्सनॅलिटी’ या ग्रंथात हे सारे आले. कमजोरी उघड आहे. ज्यांचा आपण आदर करतो त्यांना निवडायचे आणि त्यांचे गुण आदर्श म्हणून मांडायचे, ही पद्धत गोल फिरून स्वतःपाशीच येते. शिवाय यादीत बहुतेक जण पाश्चात्त्य, सुशिक्षित आणि पुरुष होते. ही पद्धत काटेकोर नाही याची जाणीव मॅस्लो यांनाही होती, पण प्रश्न इतका महत्त्वाचा की थांबणे त्यांना मान्य नव्हते.

मग पिरॅमिड कुणाचा?

व्यवस्थापनशास्त्राच्या तीन अभ्यासकांनी २०१९ मध्ये या आकृतीचा माग काढला. १९५७ मध्ये कीथ डेव्हिस यांच्या पाठ्यपुस्तकात या गरजा पायऱ्यांच्या रूपात आल्या. त्रिकोण आढळला तो १९६० मध्ये, चार्ल्स मॅकडर्मिड या सल्लागार मानसशास्त्रज्ञाच्या ‘बिझनेस होरायझन्स’मधील लेखात. कमीत कमी खर्चात कामगारांकडून जास्तीत जास्त उत्साह कसा मिळवावा, हा त्या लेखाचा रोख. कामगाराची कोणती गरज भागली आहे ते ओळखा, म्हणजे त्यावर पैसा वाया जाणार नाही, असा हिशेब. माणूस कसा फुलतो या प्रश्नाचे उत्तर शोधणारा सिद्धांत असा खर्च वाचवण्याच्या कामाला लागला.

मॅस्लो यांनी आकृतीला विरोध केल्याचे दिसत नाही. प्रसिद्धी त्यांना नकोशी नव्हती. पण १९६२ च्या उन्हाळ्यात अँड्र्यू के या उद्योजकाच्या निमंत्रणावरून ते कॅलिफोर्नियातील डेल मार येथे ‘नॉन-लिनिअर सिस्टिम्स’ या कारखान्यात राहिले आणि तिथे लिहिलेल्या टिपणांत त्यांची अस्वस्थता दिसते. आपले निष्कर्ष मनोरुग्णांवरील उपचारांतून आलेले आहेत, ते उद्योगांनी पक्के सत्य मानून वापरावेत एवढा पुरावा अजून नाही, अशी ती चिंता होती. १९६५ मध्ये ही टिपणे पुस्तकरूपाने आली. चिंता पुस्तकातच राहिली, त्रिकोण मात्र जगभर पसरला.

त्याच उन्हाळ्यात, धुक्याच्या रात्री मुक्कामाला जागा शोधत मॅस्लो दाम्पत्य बिग सूर येथे एका ठिकाणी थांबले. नाव ऐकताच स्वागतकक्षातला माणूस हरखला. तिथली मंडळी तेव्हा त्यांचेच पुस्तक वाचत होती! ते ठिकाण म्हणजे पुढे गाजलेले एसलेन. त्याच्या दोन संस्थापकांपैकी मायकेल मर्फी पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमात राहून आलेले. मॅस्लो एसलेनचे जणू कुलगुरू ठरले, पण तिथे बुद्धीला कमी लेखून निव्वळ अनुभवामागे धावण्याची जी लाट आली, ती त्यांना रुचली नाही.

सिद्धांत टिकला का?

१९६७-६८ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. डिसेंबर १९६७ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. या अखेरच्या काळात त्यांनी आपल्याच उतरंडीत भर घातली. स्वतःच्या विकासापलीकडे, स्वतःला विसरून कशात तरी विलीन होण्याचीही प्रेरणा असते, असे ते मांडू लागले. पाच थरांचा त्रिकोण तोवर इतका रुजला होता की, ही भर बहुतेक पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचलीच नाही. ८ जून १९७० रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे जॉगिंग करताना त्यांचे निधन झाले. वय ६२.

पुरावे तपासायला इतर पुढे आले. १९७६ मध्ये वाहबा आणि ब्रिडवेल यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. गरजांच्या ठरलेल्या क्रमाला त्यांना फारसा आधार सापडला नाही. २०११ मध्ये लुईस टे आणि एड डीनर यांनी १२३ देशांतील सर्वेक्षणाची माहिती तपासली. अन्न, सुरक्षितता, नाती, मान आणि स्वतःच्या आयुष्यावरचा ताबा या गरजा सर्व प्रकारच्या समाजांत आढळल्या, म्हणजे यादी बऱ्याच अंशी खरी ठरली. क्रम मात्र सैल निघाला. मूलभूत गरजा पुरत्या भागलेल्या नसतानाही माणसे नात्यांतून आणि सन्मानातून समाधान मिळवत असल्याचे त्यात दिसले, साधारण तसेच जसे १९३८ मध्ये सिक्सिका वस्तीवर मॅस्लो यांनी पाहिले होते.