दलदलीचा सौदागर

समुद्रकाठच्या जमिनीला सोन्याचा भाव आलेला आपण गोमंतकीय रोज पाहत आहोत. असा भाव उभा कसा केला जातो, हे ज्यांना जाणून घ्यावयाचे असेल त्यांनी अमेरिकेतील कार्ल फिशर या गृहस्थाचे चरित्र अवश्य पाहावे, असे आम्हांस वाटते.

इंडियाना राज्यातील ग्रीन्सबर्ग येथे १८७४ साली फिशरचा जन्म झाला. दृष्टी अधू असल्याने शाळा लवकर सुटली. आगगाडीत किरकोळ माल विकून त्याने चार पैसे गाठीस बांधले आणि भावांसह इंडियानापोलिसला सायकलींचे दुकान थाटले. पुढे मोटारी विकू लागल्यावर, १९०८ साली, त्याने एक मोटार प्रचंड बलूनला टांगली व स्वतः तीत बसून शहरावरून विहार केला. वजन घटविण्यासाठी तिचे इंजिन आधीच काढून ठेवले होते. परतताना तो ऐटीत चालवीत आला ती हुबेहूब तशीच दिसणारी दुसरी मोटार! फिशरचा अवघा स्वभाव या एका प्रसंगात आला आहे.

खरा पैसा मात्र दिव्यांनी दिला. ॲसिटिलीन वायूवर जळणारे मोटारीचे दिवे पुरविणारी प्रेस्ट-ओ-लाइट कंपनी त्याने १९०४ मध्ये जेम्स ॲलिसनसमवेत काढली. कारखान्यात स्फोट झाले, तरी धंदा वाढतच गेला. ही कंपनी पुढे युनियन कार्बाइडने घेतली. १९८४ च्या भोपाळनंतर ते नाव आपणांस वेगळे सांगावयास नको. १९०९ साली भागीदारांसह बांधलेल्या इंडियानापोलिसच्या शर्यतमार्गाची खडी-डांबराची वाट मोटारींच्या पहिल्याच शर्यतींत उखडली व पाच जण प्राणांस मुकले. वर्षअखेर तिच्यावर बत्तीस लाख विटा बसविण्यात आल्या.

मोटारी झाल्या, पण त्यांना रस्ते नव्हते. न्यूयॉर्क ते सान फ्रान्सिस्को या लिंकन महामार्गाची कल्पना फिशरचीच. त्यामागोमाग आला तो उत्तरेकडून मायामीस जाणारा डिक्सी महामार्ग. मायामीसमोरच्या अरुंद भूपट्टीवर तोवर फिशरची जमीन झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या दुसऱ्या रस्त्याचा उत्साह उलगडतो.

ती जमीन त्याला मिळाली लाकडी पुलामुळे. जॉन कॉलिन्स या वृद्ध बागाइतदाराचा पूल पैशाअभावी अर्धवट राहिला होता. फिशरने पन्नास हजार डॉलर कर्जाऊ दिले आणि दोनशे एकर पदरात पाडून घेतले. पाहावयास गेल्यास तेथे कांदळवन, चिखल आणि डास यांवाचून काही नव्हते. बहुतांशी कृष्णवर्णीय मजुरांनी ती झाडी कोयत्यांनी तोडली. उपसायंत्रांनी उपसागराच्या तळाची वाळू काढून तिचा भराव घातला. १९१५ मध्ये मायामी बीच ही नगरपालिका झाली. प्लॉट खपेनात, तेव्हा त्याने हत्तीण आणून नियोजित राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या गोल्फच्या काठ्या तिच्याकरवी वाहविल्या! वृत्तपत्रांनी ती छायाचित्रे आनंदाने छापली. त्याच जमिनीच्या खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना मालकीस मज्जाव करणाऱ्या अटी होत्या, आणि फिशरच्या हॉटेलांत ज्यूंना प्रवेश नव्हता. ज्यांनी झाडी तोडली, त्यांना तेथे घर घेता येत नव्हते. फिशरच्या कर्तृत्वाचे पोवाडे गाणारे या गोष्टीशी थांबत नाहीत. आम्हांस थांबणे भाग वाटते.

सप्टेंबर १९२६ च्या झंझावाताने मायामीची तेजी पार मोडली. तोवर फिशरने न्यूयॉर्कनजीक मॉन्टॉक येथे हजारो एकर घेऊन दुसरा डाव मांडला होता. १९२९ च्या मंदीने तोही उधळला. कोट्यधीश म्हणविणारा हा पुरुष अखेरीस मायामी बीचवरच एका लहानशा घरात राहिला. की लार्गो बेटावरील मासेमारीचा एक क्लब, तोही बेताच्या मिळकतीच्या माणसांसाठी, हे त्याचे शेवटचे काम. १५ जुलै १९३९ रोजी तो वारला.

मायामी बीच शहर आज उभे आहे. मात्र भरतीचे पाणी उपसागराच्या बाजूच्या सखल रस्त्यांवर चढू लागल्याने २०१४ च्या सुमारास तेथे पंप बसवावे लागले आणि त्यापाठोपाठ काही रस्ते उंच करावे लागले.