एली मेचनिकॉफ : आतड्यातल्या जिवाणूंचा शोध घेणारा माणूस

आपल्या यवतमाळकडे ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि उन्हाळ्यात ताक घरोघरी असतं. हे अन्न आतड्यात गेल्यावर तिथले जिवाणू त्याचं काय करतात, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एली मेचनिकॉफ यांनी विचारला.

त्यांचा जन्म १८४५ साली आजच्या युक्रेनमधील खारकीवजवळ झाला. पुढे ते ओडेसा विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतात तर काय, फिरत्या पेशींनी काट्याला वेढा घातलेला! जंतू गिळणाऱ्या पेशींच्या या शोधासाठी १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिक यांच्यासोबत मिळालं. मुंबईत १८९७ साली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन हे त्यांचेच ओडेसातले विद्यार्थी.

१८८८ पासून मेचनिकॉफ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. मोठ्या आतड्यातले काही जिवाणू अन्न कुजवून विषारी पदार्थ तयार करतात, ते रक्तात जातात आणि रक्तवाहिन्या कडक होतात, असं त्यांचं मत होतं. उपाय म्हणून ते स्वतः रोज आंबवलेलं दूध घेत. पण १९१६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, हृदयविकारानेच त्यांचं निधन झालं.

मग ते चुकले का? अर्धे चुकले. मोठं आतडं निरुपयोगी आहे, हे त्यांचं मत टिकलं नाही. त्यांच्या दुधातले जिवाणू आतड्यात मुक्कामही करत नाहीत, हे नंतर कळलं. मूळ धागा मात्र खरा निघाला. २०११ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी दाखवलं, की अंडी-मांसातल्या कोलीनपासून जिवाणू एक वायू बनवतात. यकृत त्याचं टीएमएओ नावाच्या पदार्थात रूपांतर करतं आणि उंदरांमध्ये त्यामुळे रक्तवाहिन्यांत चरबी साचते. हा पदार्थ रक्तात जास्त असलेल्या माणसांमध्येही हृदयविकाराचा धोका जास्त आढळला. उलट, ज्वारी आणि डाळींतल्या तंतूंपासून जिवाणू जी आम्लं बनवतात, ती आतड्याच्या अस्तराचं पोषण करतात.

म्हणून ताक प्या, पण ते हृदयाचं औषध समजू नका. छातीत दुखलं तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा. आणि वर्गात मेचनिकॉफ शिकवताना हेही सांगा, की शास्त्रज्ञाचं उत्तर चुकलं तरी त्याचा प्रश्न पुढच्यांना वाट दाखवू शकतो.